नऊ रुपयांतली ती

आमच्याकडं बिजवराला दिलेल्या मुलीनं पहिलीचा टाक पुजायचा असतो. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली मूर्ती. पहिली बायको वारली की तिच्या नावानं तो करून घेतात, आणि दुसरी येते ती तो गळ्यात घालते, नाहीतर देवात ठेवते. माझं लग्न झालं तेव्हा टाक केलेला नव्हता. सासूबाईंनी पेटीतून जुन्या चांदीच्या रुपयांची पुरचुंडी काढली, त्यातला एक पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाल्या, "ही ती. हिला दाखवल्याशिवाय नवं लुगडं नेसायचं नाही. गोड केलंस तर आधी हिच्यापुढं ठेवायचं."

रुपये नऊ होते. पहिलीच्या लग्नात तिच्या ओटीत घातलेले. ती तापानं गेली. तिला मूलबाळ नव्हतं. तिचा फोटोही कुणी काढलेला नव्हता, त्यामुळं ती दिसायला कशी होती ते मला ठाऊक नाही. मी तिचं तोंड म्हणून त्या रुपयाकडंच बघत आले. दर शुक्रवारी कुंकू लावायचं, ते पुसायचं नाही. वर्षानुवर्षं थर बसून त्या रुपयावरचा मिशीवाला राजा पार बुजून गेला होता. बाकीचे आठ नुसते काळे पडलेले.

लग्नानंतर यांनी मला इकडं आखातात आणलं तेव्हा ती पुरचुंडीही माझ्याबरोबर आली. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलात आमची एक खोली आहे. मधे पत्रे घालून एका व्हिलाच्या कितीतरी खोल्या केल्या आहेत. हे लांब अल ऐनला बांधकामाच्या साइटवर असतात, रविवारी घरी येतात. मी जवळच्या मुसफ्फातल्या कारखान्यांतल्या आपल्याकडच्या कामगारांसाठी चपाती-भाजीचे डबे करते. दुपारी गाडी येते, डबे घेऊन जाते. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि मलाही कुणाशी बोलायला जमत नाही. आम्हाला मूल झालं नाही. मी बोलायची ती कपाटातल्या देवांपुढच्या त्या रुपयाशी. भाजी महागली, याचं दुखणं, त्याची कटकट, यांचा राग, सगळं. ती ऐकून घ्यायची. निदान मला तसं वाटायचं.

हे सुरू झालं ते यांच्या मोबाइलमुळं. जेवणाच्या सुट्टीत हे व्हिडिओ बघतात. एके दिवशी मला फोन आला.

"अगं, एका जुन्या रुपयाला पंचवीस लाख! आत्ता बघितलं. आपल्याकडं डबाभर पडलेत."

"डबाभर कुठले? नऊ आहेत."

"नऊ कमी आहेत? त्यावर राजा आहे ना, मिशीवाला?"

"आहे. पण त्यातली एक ती आहे."

मग हे म्हणाले, "तिला सोडून बाकीचे दाखव."

साइटवरच्या कुणाकडून तरी यांनी एका माणसाचा नंबर मिळवला होता. तो जुनी नाणी बघून किंमत सांगतो, पटलं तर घेतोही. त्याचं गोदाम दुबईला, रास अल खोरला. तो म्हणाला, घेऊन या. यांना सुट्टी नाही, म्हणून मी जायचं ठरलं.

शेजारच्या खोलीत वसईची एक आंटी राहते. हॉटेलात रिसेप्शनला आहे. माझ्याशी ती स्वतः होऊन बोलते, म्हणून माझी तिच्याशी ओळख. तिला मी हे सांगितलं तर ती हातातली इस्त्री उभी करून माझ्याकडं बघतच राहिली.

"गोदामात? एकटी? रास अल खोरला? तिथं जुन्या गाड्यांचा बाजार. टायर घ्यायला चाललीस का तू?"

"मग काय करू?"

"त्याला इकडं बोलाव. जागा आपण द्यायची, टाइम आपण द्यायचा. हा फर्स्ट रूल. जिथं सिक्युरिटीवाला उभा आहे, कॅमेरा आहे, चांगली लाइट आहे आणि लोक येतायत-जातायत, तिथंच. पाठ भिंतीला. डबा मांडीवर. एका वेळी एकच कॉइन बाहेर, आणि ते टेबलावरून उठलं तर ओरडायचं. येताना डायरेक्ट घरी यायचं नाही. आधी सुपरमार्केटमधे घुसायचं, कांदेबटाटे घ्यायचे, मागं कोण येतंय का बघायचं, मग घरी."

"ओरडायला मला यायचं नाही."

"येतं गं सगळ्यांना. यल्ला, चल, जागा बघू."

मग आम्ही दोघींनी जागा ठरवायला घेतली. बाग नको, तिथं संध्याकाळी उजेड कमी. बसस्टॉपवर टेबल नाही. चहाच्या दुकानात परक्या पुरुषाबरोबर बसायचं माझ्यानं होईना. खरं सांगायचं तर कुणी रुपये हिसकावील यापेक्षा कुणी ओळखीचं मला तिथं बघेल याचीच मला जास्त भीती होती. आंटीनं मुसफ्फाच्या चर्चचं आवार सुचवलं आणि लगेच स्वतःच नको म्हणाली. "तिथं माझी हाफ वसई असते. आधी तुझे कॉइन बघतील, मग माझे हाल करतील." शेवटी जवळच्या मॉलमधलं मनी एक्सचेंज ठरलं. यांनी त्या माणसाला तसं कळवलं. गावाकडं पैसे पाठवायला तिथं कायम रांग असते. समोर बाकं आहेत, पहारेकरी आहे, कॅमेरे आहेत. माझ्यासारखी बाई तिथं बसली तर कुणाच्या नजरेत भरत नाही.

पहिल्यांदा मी संध्याकाळी गेले. आठ रुपये डब्यात घेतले. निघताना वाटलं, ती एकटी कशाला मागं ठेवायची, घर मोकळं. म्हणून तिलाही रुमालात बांधून त्याच डब्यात ठेवलं. बाकावर बसले आणि डबा दोन्ही हातांनी धरून खाली मान घालून राहिले. मला गर्दीत वर बघायला जमत नाही. मी लोकांचे पायच बघते. चपला, बूट, सामानाच्या ढकलगाड्यांची चाकं. माझ्यापुढं कुणी येऊन थांबलं नाही. रांग संपत आली, काउंटरचे दिवे एकेक करून बंद व्हायला लागले, तशी मी उठले, कांदेबटाटे घेतले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्या नाणीवाल्याचा फोन आला. बोलणं आपल्याकडचं होतं, शुद्ध मराठी, सावकाश.

"वहिनी, मी काल आलो होतो."

"मी तर बसले होते."

"बघितलं ना. निळी ओढणी. डबा मांडीवर, दोन्ही हातांत. माझ्याजवळही माल असतो, पैसे असतात, म्हणून मी आधी लांबून बघून घेतो. पण एकट्या या, असं मी भाऊंना सांगितलं होतं. तुम्ही दोघी आलात. मग मी पुढं आलो नाही."

मी म्हटलं, मी एकटीच होते.

"अहो, तुमच्या शेजारी बसल्या होत्या त्या. तुमच्या डब्यावर हात ठेवून. हिरव्या लुगड्यातल्या."

बाकावर माझ्या शेजारी कुणी बसलं होतं का, हे मी आजही सांगू शकत नाही. मी वर बघितलंच नव्हतं. मॉलमधे शंभर बायका येतात, एखादी टेकली असेल. पण नऊवारी लुगडं नेसलेली बाई तिथं मी कधी बघितलेली नाही. आणि माझ्या डब्यावर कुणी हात ठेवला असता तर मला कळलं नसतं का? मी डबा इतका घट्ट धरला होता की घरी आल्यावर बोटं सरळ होईनात.

आंटीला सांगितलं तर तिनं आधी छातीवर क्रॉस केला आणि मग म्हणाली, "मेंटल आहे तो. कॅन्सल कर. खलास."

यांना सांगितलं तर हे हसले. "त्यानं दुसऱ्याच बाईला बघितलं असेल. तू आता भर दुपारी बोलाव त्याला. आणि ऐक, रुपये घास जरा. व्हिडिओत कसे लख्ख असतात. आपले बघून तो म्हणेल, चुलीतनं काढले काय."

मी चिंच भिजत घातली. आमच्याकडं देवाची भांडी चिंचेनंच घासतात. आधी आठच घेणार होते. मग वाटलं, सगळ्यांना अंघोळ घालायची आणि हिला तेवढी पारोशी ठेवायची, हे बरं दिसत नाही. अंघोळ घालू, नवं कुंकू लावू, नव्यासारखी होईल. म्हणून तिलाही त्याच पातेल्यात सोडलं. चिंच-मीठ लावून एकेक रुपया अंगठ्यानं चोळला. कुंकवाचा थर निघायला लागला तसं पाणी लालभडक झालं. दुसऱ्याचं रक्त सांडावं तसं मला ते बघवेना. मी पातेलं बेसिनमधे उपडं केलं, नळ सोडला, आणि नऊच्या नऊ रुपये पाण्याखाली एकमेकांवर आपटत फिरले.

पुसून ओळीनं मांडले तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. नऊही सारखे. पांढरेशुभ्र. तोच राजा, तीच मिशी, मागं तीच वेल. ती कुंकवानंच ओळखू यायची, आणि ते मी धुऊन टाकलं होतं.

एकेक हातात घेऊन बघितला. जड-हलका लागतो का, कडेला कुठं खाच आहे का. प्रत्येकाला कुंकू लावून बघितलं. नव्या कुंकवात सगळेच तिच्यासारखे दिसायला लागले. आता नऊजणी माझ्याकडं बघत होत्या. मी घाईघाईनं सगळ्यांचं कुंकू पुसलं.

यांना फोन केला. "त्यातली ती कुठली, कळत नाही हो आता."

"म्हणजे?"

"धुतली मी. सगळ्या सारख्या झाल्या."

हे म्हणाले, "अगं, मग कुठलाही एक ठेव. तिला काय कळतंय?" असं म्हणाले खरं, पण म्हणून झाल्यावर फोन ठेवेनात. मग हळूच म्हणाले, "नीट बघ ना जरा."

मी काय बघणार होते? मला तिथं जायचंच नव्हतं. पण नाही म्हणायचं कसं, हे मला कधी शिकवलेलं नाही. त्या माणसानं शुक्रवार सांगितला होता. डब्यांची गाडी गेली की मी मोकळी, म्हणून मी दुपारची वेळ दिली. जागा त्याच मॉलमधली, वरच्या मजल्यावर खायची दुकानं आहेत तिथली. आंटीचे सगळे नियम मी पाळले होते. उजेड, कॅमेरा, पहारेकरी, माणसं. एवढी वर्षं इथं राहून एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही, कारण शुक्रवारच्या दुपारी मी कधी बाहेर पडलेच नव्हते. ती वेळ नमाजाची.

मी वर पोचले तेव्हा चांगली वर्दळ होती. भिंतीजवळचं टेबल धरलं. तो आला. साठीच्या पुढचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट. समोर बसला, पांढरं फडकं पसरलं, वजनाचा छोटा काटा काढला, डोळ्याला लावायचं भिंग काढलं.

"एकट्याच ना आज?"

"एकटीच."

पहिला रुपया मी फडक्यावर ठेवला आणि त्याच वेळी समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं. मग शेजारचं. मग पलीकडचं. वरून वाजणारं गाणं बंद झालं. पोरं ताटं तशीच टाकून आयांच्या मागं गेली. पहारेकरी बाह्या वर सारत जिन्यानं खाली उतरला. थोड्याच वेळात त्या एवढ्या मोठ्या मजल्यावर आम्ही दोघंच उरलो. सरकते जिने तेवढे चालू होते. वर येत होते, खाली जात होते, आणि त्यांच्यावर कुणी नव्हतं.

त्याला त्याचं काही नव्हतं. तो भिंगातून बघत होता आणि च् च् करत होता.

"अरेरे, वहिनी. चिंच लावलीत ना?"

मी मान हलवली.

"काय केलंत हे! जुन्या नाण्याची किंमत त्याच्या काळेपणात असते. तो रंग बसायला शंभर वर्षं लागतात. तुम्ही साल काढून ठेवलंत. आता ही नुसती चांदी." एक बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. "ही पण." तिसरं, चौथं. मी एकेक काढून देत होते आणि प्रत्येकाला मनात विचारत होते, तू आहेस का गं? तू आहेस का?

सातवा की आठवा असेल. डब्यात न बघता मी हाताला लागला तो काढला आणि फडक्यावर ठेवला. तो एकदम पुढं वाकला.

"हां! हे बरं केलंत. हे घासलं नाहीत."

मी बघितलं. तो रुपया काळा होता. कडेला जांभळट झाक, आणि राजाच्या कानाच्या खोबणीत बारीक तांबडी रेघ.

मी तो घासला होता. नऊही घासले होते, या अंगठ्यानं. कुठला मागं ठेवायचा ते ठरेना, म्हणून निघताना नऊच्या नऊ पांढरे रुपये मी स्वतः डब्यात भरले होते. डबा माझ्या हातातून सुटलेला नव्हता.

"जरा बाजूला व्हायला सांगा त्यांना," तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला. "उजेड अडतोय."

फडक्यावर सावली पडली होती. माझी असेल म्हणून मी अंग मागं घेतलं. सावली हलली नाही. माझ्या पाठीला भिंत होती. आंटीनं सांगितलं होतं, पाठ भिंतीला हवी. मी मान वळवली नाही. डोळे त्या फडक्यावर ठेवले आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, जरा सर गं. फडकं पुन्हा पांढरं झालं.

"हं," तो म्हणाला. "हे मी घेतो. तीनशे दिरहॅम. म्हणजे सात हजार रुपये धरा. बाकीची चांदीच्या भावात."

असं म्हणून त्यानं तो रुपया मुठीत घेतला.

मला ओरडायचं होतं. आवाज निघाला तो अगदी बारीक. "ते द्यायचं नाही."

"चारशे देतो."

"नाही. ते नाही."

"अहो, यातलं हे एकच कामाचं आहे. घरी नेऊन काय करणार? परत चिंच लावणार?"

मी हात पुढं केला. परक्या पुरुषापुढं असा हात मी कधी केला नव्हता. म्हटलं, "ती यांची पहिली आहे. टाक केला नव्हता म्हणून ती यात आहे. तिला द्या माझ्याकडं."

तो आपल्याकडचा होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याची मूठ उघडली, आणि मी बघितलं, त्याचा अंगठा राजाच्या तोंडावर होता. त्यानं तो झटकन उचलला. माझ्या खांद्यापलीकडं एकदा बघितलं, मग लगेच खाली बघितलं. रुपया माझ्या हातात न देता फडक्यावर ठेवला आणि फडक्याचं टोक धरून माझ्यापुढं सरकवला.

"आधी सांगायचं होतंत, वहिनी," एवढंच म्हणाला. बाकीच्या आठांचं वजन केलं, पैसे मोजून टेबलाच्या मधोमध ठेवले. फडकं न घेताच गेला. सरकत्या जिन्यावरून उतरताना तो कठड्याला अंग चोरून एका बाजूला उभा होता. दुसऱ्या कुणाला उतरायला वाट ठेवावी तसा.

मग शटरं वर गेली, गाणं सुरू झालं, माणसं आली. मी कांदेबटाटे घेतले नाहीत. मागं कोण येतंय ते बघितलंही नाही.

घरी येऊन तिला जागेवर ठेवलं, कुंकू लावलं. एरवी मी लगेच बोलायला लागले असते. किती पैसे आले, तो कसा घाबरला, सगळं. त्या दिवशी तोंड उघडेना. इतकी वर्षं यांच्याबद्दल, सासूबाईंबद्दल, अगदी तिच्याबद्दलसुद्धा मी तिच्यासमोर काय काय बोलले होते, ते एकेक आठवायला लागलं. काही गोष्टी बोलायला नको होत्या.

दोन-तीन दिवसांनी यांचा फोन. दुसरा एकजण मिळाला होता. काळ्या रुपयाचे हजार दिरहॅम देतो म्हणत होता.

"हजार म्हणजे तेवीस हजार रुपये, अगं! परत एकदा जाऊन ये फक्त. जागा तू ठरव."

मी म्हटलं, "नाही. ती कुठं जायची नाही. मीही जायची नाही."

लग्न झाल्यापासून यांना मी असं कधी बोलले नव्हते. पलीकडं साइटवरचा आवाज येत होता, यंत्रांचा, माणसांचा. मग तो कमी झाला. हे कुठंतरी आडोशाला गेले असावेत. आवाज खाली आणून यांनी विचारलं, "हे तू बोलतेयस, की ती?"

मला खरंच सांगता येईना.